खालून बोलायचे नाही

अब्बास मिस्त्री छपरावर असेपर्यंत खालून कोणी बोलायचे नाही, हा नियम काजीपुऱ्यापासून पंचवटीपर्यंत सर्वांना ठाऊक होता. बोलायचे ते त्याने शिडीला हात लावण्यापूर्वी बोलावे, नाहीतर तो उतरल्यावर. मधल्या वेळात घरच्या माणसाने दारेखिडक्या लावून खोलीत अंधार करावा, आढ्याकडे पाहावे, आणि जिथून उजेडाचा कण दिसेल तिथून तुराटीची, म्हणजे वाळल्या तुरीच्या झाडाची, काडी वर खुपसावी. वरून पाहणाऱ्याला कौलांच्या रांगेतून काडीचे टोक उगवलेले दिसे. अब्बास तेथवर सरपटत जाई, फुटके कौल काढी, चांगले बसवी आणि काडी खाली ढकलून देई. काडी जमिनीवर पडली की तेवढे भोक बुजले असे समजायचे.

काडीची रीत जुनीच होती. घरे शाकारणारे सगळेच ती पाळत. मुकेपणाची अट मात्र अब्बासची स्वतःची. तिचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला होता. कोणी म्हणे, मिजास. कोणी म्हणे, वर चढल्यावर तो मनातल्या मनात कलमा म्हणतो. कोणी म्हणे, त्याच्या बापाची तशी शपथ आहे. यांपैकी एकही खुलासा पारखून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. खरे कारण फक्त त्याच्या बायकोला, माजिदाला, माहीत होते. अब्बासला ऐकू येत नव्हते.

दोन पावसाळ्यांपूर्वी, ऐन उतारवयात, ताप आला, तो गेला आणि जाताना डावा कान पुरता घेऊन गेला. उजव्या कानाशी तोंड नेऊन माजिदा ओरडली तर काही शब्द पोहोचत. बाकी तो माणसाच्या ओठांवरून, भुवयांवरून, हाताच्या झटक्यावरून अर्थ काढी, आणि जिथे अर्थ निघत नसे तिथे कपाळाला आठी घालून म्हणे, "हो, हो, कळलं." एवढ्याने पुष्कळ भागते. माणसाला आपले म्हणणे दुसऱ्याला कळावे असे क्वचितच वाटते. ते कळल्याचे कोणी सांगितले की त्याचे समाधान होते.

पण छपराचे तसे नाही. कौलावर बोटाचे पेर मारले तर धड कौल खणखणते आणि चीर गेलेले बद्द वाजते. शाकारणाऱ्याची अर्धी विद्या त्या आवाजात असते. वासा मोडण्याआधी कुरकुरतो. बहिऱ्या माणसाला छपरावर कोण चढवील? एकदा ही गोष्ट फुटली असती, तर वाळूत पाणी मुरावे तशी दोन्ही काठांवर पसरली असती आणि अब्बासची शिडी परसात वाळवी खात पडली असती. म्हणून त्याने हाताखालची माणसे एकेक करून भांडून घालवली. ओल्या फडक्याने कौल पुसायचे आणि ओल कुठे रेघेसारखी रेंगाळते ते पाहायचे, ही नवी रीत त्याने स्वतःपुरती काढली. तो फार वेळ लावतो अशी तक्रार झाली, तेव्हा तो तक्रार करणाऱ्याच्या अंगावर धावून गेला. तुसडा म्हणून त्याची ख्याती होती आणि ती त्याने मेहनतीने मिळवली होती. तुसड्या माणसाशी कोणी फार बोलत नाही.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची धामधूम ओसरल्यानंतरच्या एका चैत्रात, रामाचा रथ निघायला थोडे दिवस उरले असताना, नाशकावर गारा पडल्या. नक्की कोणते साल यावर एकमत नाही. गारांच्या आकारावर तर मुळीच नाही. लिंबाएवढ्या, पेरूएवढ्या आणि नारळाएवढ्या असे तिन्ही दाखले मिळतात. नारळाचा दाखला देणाऱ्यांची घरे पत्र्याची होती आणि त्यांनी गारा फक्त ऐकल्या होत्या, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. कौलांच्या घरांतल्या माणसांनी त्या पाहिल्या, कारण त्या घरातच येऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बास परसात कौले निवडत बसला होता. माजिदाने खांद्याला हात लावून दाराकडे बोट केले. उंबऱ्याबाहेर पंचवटीची साळूबाई उभी होती.

साळूबाई ही खंडेराव भाजीवाल्याची बायको. मूळचे शेतकरी कुटुंब. खंडेरावाने पंचवटीच्या बाजारात घाऊक भाजीचा धंदा मांडला आणि बाजारालगतच्या गल्लीत बसके, कौलारू घर घेतले. साळूबाईची जीभ हा त्या गल्लीतला सगळ्यात जुना दस्तऐवज होता. तिच्यात सगळ्यांच्या नोंदी होत्या.

"मिस्त्री घरात हाय ना?" तिने माजिदाला विचारले. "आत नाय येत. सोयरीक करायला नाय आले."

अब्बासने उठून तोंडासमोर उभे राहण्याची काळजी घेतली. "काय बाई, इकडं कुठं? शिडी द्यायला आलात?"

"तुझी शिडी तूच नेलीस. मी नुसती बाजूला ठेवली व्हती."

"दिवस मावळेस्तोवर बाजूला ठेवली व्हती."

हे प्रकरण गल्लीत अजून ताजे होते. काही वर्षांपूर्वी अब्बासने तिचे घर शाकारले आणि आषाढाच्या पहिल्याच झडीत ते गळले. उन्हाळाभर घातलेल्या कुरडया डब्यातच भिजून लापशी झाल्या. तिने त्याला बोलावून पुन्हा छपरावर चढवले. तपोवनातली माकडे कौले सरकवतात, असे तो वरून म्हणाला. "माकडं सगळ्यांच्याच छपरावर फिरत्यात, गळतं माझंच कसं?" असे ती खालून म्हणाली. त्यावर, माकडांनाही घर ओळखता येते, असे काहीसे तो बोलून गेला. साळूबाईने शिडी काढून घेतली आणि दारामागे आडवी ठेवून वर पाटा ठेवला. संध्याकाळी खंडेराव बाजारातून परतेपर्यंत अब्बास आढ्यावर बसून होता. समोर देवळाबाहेर फुलांच्या परड्या विकणारा नाथा बसे. त्याने येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंना, आमच्याकडे रामासोबत मारुतीचेही दर्शन होते, असे दिवसभर सांगितले. त्या वेळी अब्बासचे कान शाबूत होते, ही त्यातली वाईट गोष्ट.

"ऐक," साळूबाई म्हणाली. "चिमणा माझी बाळंतपणाला आलीय. पोर जन्मून आठवडा नाय झाला. बाळंतिणीच्या खोलीतून आभाळ दिसतं. चुलीपाशी हालवली तर धूर, पडवीत हालवली तर वारं. आन् त्र्यंबकाकडं पुन्ना भरून येतंय."

"शाकारणारे लय हायेत पंचवटीत."

"सगळे रथाच्या वाटंवरच्या घरांला लागलेत. समद्यांच्या पाया पडून झाले. कुनी उरलं नाय म्हनून तुझ्या दारात आलेय, हे ध्यानात ठेव."

"ठेवलं. आन् मी पोरापायी येतोय, तुमच्यापायी नाय, हे तुमी ठेवा. माझा नेम ठाव हाय का?"

"खालून बोलायचं नाय. ठाव हाय." तिने पदर कमरेला खोचला. "म्या बोलले तर काय कौलं फुटतील?"

ती गेल्यावर माजिदाने त्याला आपल्याकडे वळवले आणि एकेक शब्द चावून सांगितला, "उस घर मत जाओ. वो औरत चुप बैठनेवाली नहीं."

"काडी आहे ना," अब्बास म्हणाला, आणि कौलांची पाटी उचलली.

गल्लीत पोहोचल्यावर त्याने आधी रिवाजाप्रमाणे हाळी दिली. दाट वस्तीत एका छपरावरून चार घरांचे परस दिसते. म्हणून चढण्यापूर्वी चारी दिशांना ओरडून सांगायचे, म्हणजे न्हाणाऱ्या, केस विंचरणाऱ्या बाया आत जातात. "छपरावर माणूस हाय होऽ!" आपला आवाज केवढा निघतो हे हल्ली त्याला समजत नसे. नदीपलीकडे धुणी धुणाऱ्या बायांनीही आत जावे एवढ्याने तो ओरडला. नाथाच्या परडीवरचा कावळा उडाला.

मग त्याने गल्लीने पूर्वी कधी न पाहिलेली गोष्ट केली. वर पोहोचल्यावर वळून त्याने शिडीची टोके धरली आणि हात बदलत ती आपल्यामागे वर ओढून घेतली. नाथा हसत हसत काहीतरी म्हणाला; त्याचे तोंड हलताना दिसले. सगळी गल्ली हसली, तेही दिसले. साळूबाई दारात उभी होती, ती हसली नाही. तिने दार धाडकन लावून घेतले. चौकट थरथरली ती त्याच्या पायाला कळली.

शिडी वर घेतली तर ती छपरावर आडवी टाकून तिच्यावरून चालावे, म्हणजे भार वाटला जातो, हे शाकारणाऱ्याचे पोरही जाणते. अब्बासने ती आढ्यापलीकडे, परसाकडच्या उतरत्या पाख्यावर नेऊन ठेवली. गल्लीतून कोणाचा हात, कोणाची काठी, कोणाचा आकडा तिला पोहोचू नये, एवढाच त्या वेळी त्याचा विचार होता. द्वेषाने माणूस सावध होतो हे खरे. पण तो एकाच बाजूने सावध होतो.

वरचे दृश्य वाईट होते. वळचणीकडची कौले चुरा झाली होती. त्यांचे काही नाही. फुटके कौल प्रामाणिक असते, ते उघड दिसते. खरा दगा मधल्या रांगांत होता. तिथली कौले जागच्या जागी धड बसलेली दिसत होती आणि त्यांच्या पाठीवर केसासारख्या चिरा होत्या. अब्बास पालथा पडून फडक्याने एकेक पुसू लागला. थोड्या वेळाने पहिली काडी वर आली, मग दुसरी. त्याने कौले बदलली, काड्या ढकलल्या. काही काळ काम शिस्तीने चालले.

मग काड्या बिघडल्या. एक काडी वर आली ती नुसती उभी न राहता थरथरत होती. पुढची भोकातून अशी जोराने निघाली की त्याच्या बोटाला लागता लागता राहिली. काडी नुसती उजेड दाखवत नसते. धरणारा हात कसा आहे तेही ती सांगते. खाली साळूबाई बोलत होती. नुसती बोलत नव्हती, बोलता बोलता हातवारे करत होती आणि त्या हातात तुराटी होती. अब्बासने गल्लीकडे पाहिले. नाथाभोवती सातआठ माणसे जमली होती. सगळ्यांच्या माना छपराकडे नव्हत्या, खोलीच्या खिडकीकडे होत्या, आणि चेहऱ्यांवर तमाशाच्या पहिल्या रांगेतले समाधान होते. मध्येच एखादा वर अब्बासकडे बघे, हा आता काय उत्तर देतो म्हणून.

उत्तर द्यावे तर कशाला? तिने त्याला काय म्हटले, बापाला काय म्हटले, कौलांना काय म्हटले, काहीच माहीत नाही. गप्प राहावे तर लोक म्हणतील, एवढे ऐकून हा गप्प कसा? त्याने तोंड न उघडता उत्तर दिले. एक काडी उपसली, मोडली आणि तुकडे भोकातून खाली टाकले. गल्ली खूश झाली. खालून आलेल्या पुढच्या काडीवरून, साळूबाई खूश झालेली नाही, हे स्पष्ट होते.

मेघगर्जना त्याला ऐकू आली नाही. गल्लीतल्या माना एकदम पश्चिमेला वळल्या म्हणून त्यानेही पाहिले. त्र्यंबकाच्या डोंगरांवर काळे आभाळ उभे राहिले होते आणि त्याच्या पोटात उजेड लवत होता. कोपऱ्यातला तुकडा राहिला होता, बाळंतिणीच्या बाजेच्या बरोबर वरचा. तिथे काडी उभी होती. तो घाईने उठून बसला आणि वाकून पाऊल पुढे टाकले.

त्याच वेळी खोलीत साळूबाईने वर पाहिले होते. त्याच्या भाराने कोपऱ्यातल्या वाशातून बारीक पीठ गळू लागले होते. वाळवीने तो आतून खाऊन टाकला होता. "अरं थांब!" ती ओरडली. "त्या वाशावर पाय नको! मागं सर, मुडद्या, मागं सर!" कामापुरती मागे चुलीपाशी नेऊन बसवलेल्या चिमणाने ते ऐकले. गल्लीतल्यांनी तिचा आवाज ऐकला. पण ती तासभर ओरडतच होती आणि एव्हाना त्यांनी शब्द वेगळे करणे सोडून दिले होते. ज्याच्यासाठी ओरडली त्याने काहीच ऐकले नाही. त्याने पाय टाकला.

वासा मोडला. अब्बासचा उजवा पाय कौलांतून आरपार गेला आणि तो मांडीपर्यंत छपरात रुतून बसला.

क्षणभर त्याला नुसते आश्चर्य वाटले. मग मांडीत आग उठली. त्याने अंग वर ओढले तशी भोवतालची कौले सुटू लागली. पाय खाली हवेत आधार शोधत होता. तेवढ्यात तळपायाला काहीतरी टोचले. तो थबकला. पुन्हा टोचले, या वेळी सावकाश आणि एकाच जागी, हेतुपूर्वक. तुराटी होती. कोणीतरी पायाला सांगत होते की हलू नको. मग घोट्याला दोन हातांनी धरून पाऊल एका बाजूला नेले, आणि तिथे धड, जाड, खात्रीची तुळई लागली. तिच्यावर जोर देऊन त्याने पाय बाहेर काढला.

तो पालथा झाला आणि भोकातून खाली पाहिले. साळूबाई बाज खाली ओढून तिच्यावर उभी होती. तोंड वर. तिचे डोळे त्याच्यावर ज्या पद्धतीने रोखले होते ती त्याने पूर्वी पाहिली होती. खोटे नाणे हातात आलेला दुकानदार असा बघतो. ती ओरडली होती, पुन्हा ओरडली होती, पाय लोंबकळत असताना "हलू नको" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडली होती, आणि पाय हलतच राहिला होता. तो थांबला तो काडीने.

तिने सावकाश पदर ओढला आणि नाकाखाली तोंडावर धरला. पदराच्या आड काहीतरी बोलली. कापड किंचित हलले, एवढेच दिसले.

"हो, हो, कळलं," अब्बास म्हणाला.

म्हणताक्षणीच त्याला समजले की आपण संपलो. तिने काय विचारले होते देव जाणे. पण तिचे डोळे आधी मोठे झाले आणि मग बारीक झाले. पदर खाली आला. तिने ओठ ठळक हलवून, एकही आवाज न काढता, एकच शब्द उच्चारला, आणि तो त्याला स्वच्छ दिसला.

"बहिरा."

तोवर गल्लीत कल्लोळ झाला होता. कोणी शिडी आणा म्हणत होते. शिडी तर वर, आढ्यापलीकडे. कोणालाच चढता येईना. नेमका तेव्हा बाजारातून खंडेराव आला. हा शांत, हिशेबी मनुष्य. कौले काढून पत्रे टाकावेत असे तो वर्षभर म्हणत होता आणि आता त्याच्या चेहऱ्यावर बरोबर ठरलेल्या माणसाचे दुःख होते.

"पडला कसा?" त्याने विचारले. "वासा आतून दिसतो. तू खालीच व्हतीस, हाक मारली नाय?"

"वहिनी तर मगापासून वरडतायत," नाथा म्हणाला. "त्याला ऐकू आलं नसंल म्हणावं तर—" आणि त्याने अब्बासकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

अब्बास वळचणीपाशी सरकला होता. खालच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होता. पण सगळी एकदम हलत होती आणि एकाचेही धड हाती लागत नव्हते. नाथाचा तेवढा चेहरा त्याला वाचता आला. त्या चेहऱ्यावर शंका उगवत होती, कौलांतून काडी यावी तशी.

साळूबाई दारातून बाहेर आली. ती गल्लीच्या मध्यावर, अब्बासला पूर्ण दिसेल अशी येऊन उभी राहिली, आणि मग नवऱ्याला म्हणाली,

"मी शिव्या घालत व्हते. वासा दिसत व्हता मला. नाय सांगितलं."

"नाय सांगितलं म्हंजे?"

"म्हंजे नाय सांगितलं. पडू दे मेल्याला म्हटलं. कुरडयांचं ऋण फिटंल."

नाथाच्या हातातली परडी तशीच राहिली. दाराआड बाळाला घेऊन चिमणा उभी होती. ती म्हणाली, "आई, आगं तू तर—"

"तू गप. पोराला वारं लागतंय, आत हो."

"लाज नाय वाटत?" खंडेराव म्हणाला. "म्हातारा माणूस. मेला असता तर पोलीस आले असते दारात." मग वर तोंड करून, "मिस्त्री, उतरा तुमी. पुरे झालं. उद्या पत्रे आणतो."

अब्बासला खंडेरावाच्या मिशांतून काहीही दिसले नाही. साळूबाईने ते ओळखले. ती वर तोंड करून, एकेक अक्षर दगडासारखे ठेवत बोलली, "मालक उतर म्हणत्यात. पत्रे टाकायचे म्हणत्यात. उद्या." आणि नवऱ्याकडे वळली. "आन् आज? आज पोरावर काय तुमचं उपरणं धरू? आभाळ बघा. दुसरा कोण हाय तुमच्याकडं?"

खंडेरावाने आभाळ बघितले. दुसरे कोणी नव्हते. तेव्हा, ही बाई नरकात जाईल, असे काहीसे पुटपुटत तो बाजूच्या गोठ्यातून एक बांबू आणायला गेला, आणि गल्लीतला प्रत्येकजण साळूबाईपासून थोडा दूर सरकला.

इथे कोणी दयेची गोष्ट शोधू लागले तर त्याने जरा थांबावे. साळूबाईला छप्पर हवे होते. बहिरा म्हटल्यावर खंडेरावाने त्याला तासभरही वर राहू दिले नसते, आणि बाळावर पाऊस पडला असता. तिने जी वस्तू सर्वांत स्वस्तात देता येण्यासारखी होती ती दिली. तिच्या नावाला आधीच फारशी किंमत उरली नव्हती. निदान ती स्वतः पुढे असेच सांगे. तिच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा हा वेगळा प्रश्न आहे.

अब्बासला हे सगळे वरून दिसले आणि जितके दिसले तितके समजले. त्याला बरे वाटले नाही. शिवी परत देता येते; हे कसे परत द्यायचे? ज्या बाईने त्याला दिवसभर माकडासारखे छपरावर बसवले, तिच्या ओठांवर आता त्याची भाकरी ठेवलेली होती. मांडीवरचे रक्त फडक्याने बांधून तो कामाला लागला. मोडलेल्या वाशाला खंडेरावाने दिलेला बांबू जोडून बांधला, कौले बसवली, शेवटी आढ्यावरची दोन बदलली. खालून काड्या येत होत्या. आता त्या थरथरत नव्हत्या. सरळ, स्थिर, एकामागून एक येत होत्या. त्या सरळपणाचा त्याला जास्त राग आला.

पहिले थेंब पडले तेव्हा त्याने शिडी उतरवली. खोलीत बाज जागच्या जागी आली होती आणि चिमणा आढ्याकडे बघत बाळाला पाजत होती. पाऊस कोसळला. कोठेही टिपूस आले नाही. साळूबाई पडवीत आली आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहिली.

"जेठात शाकारणीला येशील," ती हळू म्हणाली. आवाज किती हळू होता हे त्याला कळले नाही. घरातले कोणी वळून पाहत नव्हते यावरून त्याने ताडले. "म्या सांगंन त्या दिशी. दर साली."

"आन् नाय आलो तर?"

तिने पदराची कड नाकापर्यंत उचलली आणि सोडून दिली.

"अजून काय?"

"शिडी खाली ऱ्हाईल."

अब्बासने तिच्याकडे पाहिले. "तुमच्यासारख्या बाईच्या दारात शिडी सोडायची?"

"सोडायची," ती म्हणाली.

पंचवटीत त्यानंतर पुष्कळ दिवस साळूबाईला लोक टाळत. म्हाताऱ्याला जाणूनबुजून पाडणारी म्हणून तिच्याकडे बोट दाखवीत. बारशाला चार बाया कमीच आल्या. नाथा अब्बासच्या सबुरीचे गोडवे गाई: "तासभर आईबाप उद्धरले बाईनं, पण गड्यानं हूं का चूं केलं नाय! संत हो, संत!" अब्बास हे ओठांवरून वाचे आणि म्हणे, "हो, हो, कळलं." माजिदा साळूबाईच्या नावाने बोटे मोडू लागली तेव्हा मात्र त्याने तिला थांबवले. का, ते सांगितले नाही.

खंडेरावाचे पत्रे काही आले नाहीत; ज्येष्ठात निरोप आला. तो गेला, हाळी दिली, चढला. वर पोहोचल्यावर हात सवयीने शिडीकडे वळले आणि तिथेच थांबले. शिडी खाली राहिली. काड्या आल्या, गेल्या. शेवटची काडी ढकलून तो वळचणीला आला तेव्हा साळूबाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसून लसूण सोलत होती. एक हात शिडीवर. शिडी घसरू नये म्हणून तो हात ठेवला होता, की काढून घेण्याच्या बेताने, हे वरून कळण्यासारखे नव्हते.

"उठा," अब्बास म्हणाला.

तिने मान वर केली. पदर ओढून तोंडावर धरला आणि त्याच्या आडून काहीतरी बोलली.

या वेळी तो नेहमीचे उत्तर देणार नव्हता. वळचणीला बसून त्याने पाय खाली सोडले. "पदर काढून बोला. त्या दिशी काय म्हटलं व्हतं, तेबी सांगा."

साळूबाईने लसणाची सालपटे झटकली. मग पदर खाली घेतला.

"म्हटलं, उतर," ती म्हणाली. "त्या दिशीबी तेच म्हटलं व्हतं."

अब्बास उतरला. ती पायरीवरून उठली, पण तो जमिनीला लागेपर्यंत तिचा हात शिडीवरच होता. पदराआड ती दोन्ही वेळा खरेच तेवढेच बोलली होती काय, याला दुसरा साक्षीदार नाही.